नव्या कर्नलमध्ये नेटवर्क मंदावले का, हे कसे तपासावे

लातूर, नांदेड, परभणीकडचे जे छोटे इंटरनेट पुरवठादार साध्या सर्व्हरवर लिनक्स बसवून त्याच्याकडूनच राउटरचे काम करून घेतात, त्यांना आणि महाविद्यालयांच्या संगणक विभागांना एक प्रश्न अधूनमधून पडतोच : यंत्र अद्ययावत केले आणि दुसऱ्या दिवसापासून ‘नेट स्लो झालंय’ अशा तक्रारी येऊ लागल्या, तर दोष नव्या कर्नलचा, म्हणजे हार्डवेअर आणि नेटवर्क सांभाळणाऱ्या लिनक्सच्या मूळ भागाचा, मानायचा की नाही? याचे उत्तर अंदाजाने देता येत नाही. तक्रार आल्यावर मोजायला बसले तर बहुधा देताच येत नाही, कारण तुलनेसाठी जुना आकडा कोणी लिहून ठेवलेला नसतो. म्हणून मोजमाप अद्ययावत करण्यापूर्वी व्हायला हवे. त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. दोन यंत्रे, त्यांच्यात स्विच न ठेवता थेट जोडलेली एक केबल, आणि सगळे टिपून ठेवण्याची शिस्त एवढे पुरते.

लिनक्स कर्नलची नवी मुख्य आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते. तिच्या पहिल्या दोन आठवड्यांत नवे बदल घेतले जातात आणि त्यानंतर दर आठवड्याला एक चाचणी-आवृत्ती, म्हणजे ‘आरसी’, येते. आपण मात्र आवृत्त्या एकेक करून बदलत नाही. उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर जाणारा माणूस मूळ कर्नलच्या बाबतीत ५.१५ वरून थेट ६.८ वर उडी मारतो, म्हणजे तेरा मुख्य आवृत्त्या एका रात्रीत ओलांडतो. त्याच रात्री कंपायलर, सिस्टमडी, नेटवर्कची साधने आणि फायरवॉलच्या नियमांची हाताळणीही बदलते. अशा वेळी ‘कर्नलने घात केला’ हे विधान तेवढ्यापुरते निराधारच असते.

आधी काय स्थिर ठेवायचे

पहिला नियम असा की, बदल फक्त कर्नलचा करावा. जुनी प्रणाली जशीच्या तशी ठेवून तिच्यावर नवे कर्नल शेजारी बसवावे आणि बूट करताना दोहोंपैकी एक निवडावे. दुसऱ्या टोकाचे यंत्र, म्हणजे जे रहदारी निर्माण करते किंवा स्वीकारते, ते या काळात अजिबात अद्ययावत करू नये. दोन्ही टोके एकाच वेळी बदलली तर फरक कोणत्या टोकाचा हे कळत नाही. चाचणी आभासी यंत्रात घेऊ नये, कारण तेथे यजमान यंत्राचे वागणेही आकड्यात मिसळते. मोजण्याच्या साधनाची आवृत्तीही गोठवावी. आयपर्फ३ हे साधन ३.१६ या आवृत्तीपूर्वी सगळे समांतर प्रवाह एकाच धाग्यावर (थ्रेडवर) चालवीत असे, त्यानंतर प्रत्येक प्रवाहाला स्वतंत्र धागा मिळू लागला; त्यामुळे साधन बदलले तरी आकडा बदलतो आणि त्याचे श्रेय किंवा दोष कर्नलच्या माथी बसतो.

कर्नल बांधताना जुन्या यंत्रावरची संरचना-फाइल घेऊन ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ चालवावे आणि दोन संरचनांतील फरक कर्नलसोबतच येणाऱ्या ‘डिफकॉन्फिग’ या स्क्रिप्टने वाचून पाहावा. वितरकाच्या तयार पॅकेजात कधी एखादी तपासणीची सोय चालू केलेली असते आणि वेग तिथेच खाल्ला जातो. वितरकाच्या कर्नलचा क्रमांकही फारसा विश्वासाचा नसतो : रेड हॅट ८ मधील कर्नल नावाला ४.१८ असते, पण नेटवर्कचे बरेच नंतरचे बदल त्यात मागे नेऊन बसवलेले असतात.

प्रत्येक कर्नलवर बूट झाल्यावर, चाचणीला हात घालण्यापूर्वी, यंत्राची स्थिती एका फाइलीत उतरवून घ्यावी. ‘इथटूल’ने नेटवर्क कार्डाचे ऑफलोड (प्रोसेसरऐवजी कार्ड स्वतः करते ती कामे), रिंगचा आकार, रांगांची संख्या, इंटरप्टांची (कार्ड प्रोसेसरला देते त्या इशाऱ्यांची) जुळवणी आणि फर्मवेअरची आवृत्ती, ‘सिसकंट्रोल’ची सर्व मूल्ये, चालू असलेली रांग-पद्धत, प्रोसेसरची वारंवारता ठरवणारा गव्हर्नर, मायक्रोकोडची आवृत्ती, आणि प्रोसेसरच्या सुरक्षा-दोषांवर कोणते संरक्षण चालू आहे ते सांगणाऱ्या, सिस-फाइलप्रणालीतील ‘व्हल्नरेबिलिटीज’ या निर्देशिकेतील मजकूर, एवढे तरी हवेच. मग दोन कर्नलांच्या या फाइली शेजारी ठेवून फरक काढावा. ज्याला आपण कर्नलची घसरण म्हणतो, ती अनेकदा इथेच उघडी पडते : ड्रायव्हरने एखादे ऑफलोड आता मुळात बंद ठेवलेले असते, किंवा रांगांची संख्या आठवरून चारवर आलेली असते. ही गोष्ट एका आज्ञेने पूर्ववत करता येते, त्यासाठी पुढची सगळी शोधाशोध करण्याची गरज नाही.

९४१ चा सापळा

मोजायचे काय, याबाबत मात्र थोडे थांबून विचार करावा लागतो, कारण येथे चुकीचा आकडा निवडला तर घसरण असूनही ती दिसत नाही. एक गिगाबिटच्या जोडणीवर आयपर्फ३ चालवले की बहुतेक यंत्रांवर सेकंदाला सुमारे ९४१ मेगाबिट असा आकडा येतो, आणि नव्या कर्नलवरही तोच आला की माणूस निर्धास्त होतो. हा आकडा कर्नलचा नाही, तारेचा आहे. १,५०० बाइटच्या पॅकेटातून आयपीचे २०, टीसीपीचे २० आणि वेळेच्या नोंदीचे १२ बाइट वजा केले की प्रत्यक्ष माहितीचे १,४४८ बाइट उरतात. तारेवर मात्र इथरनेटचे शीर्षक, तपासणी-बेरीज, प्रारंभखूण आणि दोन फ्रेममधील अंतर मिळून ३८ बाइट आणखी लागतात, म्हणजे एकूण १,५३८. यांचे गुणोत्तर ०.९४१५ येते. दहा गिगाबिटवर तोच आकडा ९.४१ होतो. तार भरलेली असेपर्यंत कर्नल निम्म्याने मंदावले तरी हा आकडा हलणार नाही. फक्त प्रोसेसर जास्त घाम गाळील.

म्हणून वेगासोबत प्रोसेसरचा खर्च मोजणे अनिवार्य आहे. चाचणी चालू असताना ‘पर्फ स्टॅट’ने प्रोसेसरच्या सर्व गाभ्यांवरची (कोअरवरची) एकूण चक्रे मोजावीत आणि त्यांना पाठवलेल्या पॅकेटांच्या संख्येने भागावे. दर पॅकेटमागे किती चक्रे खर्च झाली हा आकडा तार भरलेली असो वा नसो, खरी गोष्ट सांगतो. ‘टॉप’मधल्या टक्केवारीवर विसंबू नये, कारण प्रोसेसरची वारंवारता बदलत असताना पन्नास टक्के म्हणजे नेमके किती काम हे ठरत नाही.

राउटरचे काम करणाऱ्या यंत्रासाठी टीसीपीचा मोठा प्रवाह हा तर निरुपयोगीच मापदंड आहे. तेथे पॅकेटांची संख्या महत्त्वाची असते. सर्वात लहान, ६४ बाइटच्या फ्रेमला तारेवर ८४ बाइट लागतात. त्या हिशेबाने एक गिगाबिटवर सेकंदाला सुमारे १४.८८ लाख आणि दहा गिगाबिटवर सुमारे १.४८८ कोटी पॅकेटे बसतात. म्हणजे दहा गिगाबिटच्या वेगाला प्रत्येक पॅकेटमागे केवळ ६७ नॅनोसेकंद मिळतात. लहान पॅकेटे कर्नलमधल्याच ‘पॅकेटजेन’ने निर्माण करता येतात. मात्र एकाच पत्त्यावरून एकाच पत्त्याकडे सगळी पॅकेटे सोडू नयेत. पत्ता-रूपांतर (नॅट) आणि जोडण्यांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रावर हजारो वेगवेगळे प्रवाह असतात, आणि लातूरच्या क्लासेसच्या भागात संध्याकाळी वसतिगृहांतली मुले एकाच वेळी व्हिडिओ लावतात तेव्हा ताण पडतो तो या नोंदवहीवर. ग्राहकाला नाव आणि पासवर्ड देऊन जोडणारी पीपीपीओई ही पद्धत वापरत असाल तर चाचणीतही तीच असावी, कारण तिच्यात पॅकेटाची मर्यादा १,४९२ बाइट होते आणि काही कार्डांवर ऑफलोडचा फायदाही मिळेनासा होतो.

तिसरा आकडा विलंबाचा. ‘नेटपर्फ’मधील ‘टीसीपी आरआर’ ही चाचणी एक बाइट पाठवते, एक बाइट परत येण्याची वाट पाहते आणि सेकंदाला अशा किती फेऱ्या झाल्या ते सांगते. ‘टीसीपी सीआरआर’ दर फेरीला नवी जोडणी उघडते, त्यामुळे लहान लहान विनंत्यांच्या वेब-सर्व्हरसाठी ती जास्त बोलकी असते. फेऱ्यांचा आकडा प्रोसेसर किती खोल झोपतो यावर फार अवलंबून असतो. नव्या कर्नलने झोपेचे धोरण बदलले तर नेटवर्कच्या एका ओळीलाही हात न लागता हा आकडा पडतो. तेव्हा तो दोनदा घ्यावा : एकदा यंत्र नेहमी चालते तसे, आणि एकदा खोल झोप बंद करून. पहिला पडला आणि दुसरा टिकला, तर मूळ नेटवर्कमध्ये शोधू नये.

गोंगाट किती, ते आधी

घसरण म्हणजे दोन आकड्यांतला फरक, आणि तोच आकडा पुन्हा घेतला असता आपोआप किती हलतो हे माहीत नसेल तर त्या फरकाला काही अर्थ नाही. सगळ्या कामात हाच भाग कंटाळवाणा आहे आणि हाच टाळला जातो. माझ्या मते दोन कर्नलांची तुलना करण्यापूर्वी एकाच कर्नलची स्वतःशी तुलना करणे सक्तीचे असावे. तेच कर्नल, तेच यंत्र, मधे रीबूट, आणि पुन्हा तीच चाचणी, असे निदान पाच वेळा करावे. रीबूट येथे महत्त्वाचा आहे. एकाच बूटमध्ये चाचणी वीस वेळा चालवली तर आकडे एकमेकांना चिकटून येतात आणि खोटा आत्मविश्वास देतात. रीबूट केला की स्मृतीची मांडणी बदलते, हॅशचे (माहितीवरून काढलेल्या संक्षिप्त क्रमांकाचे) बीज बदलते, आणि कधी कधी दोन टक्क्यांचा फरक काहीही न बदलता उभा राहतो.

या गोंगाटाचा एक मोठा स्रोत सहज बंद करता येतो. नेटवर्क कार्ड प्रत्येक प्रवाहाचे पत्ते आणि पोर्ट यांचा हॅश काढून तो प्रवाह कोणत्या रांगेत, पर्यायाने कोणत्या गाभ्याकडे पाठवायचा हे ठरवते. चाचणीचे पोर्ट दर वेळी नवे असले तर एका खेपेस प्रवाह आयपर्फ ज्या गाभ्यावर चालला आहे त्याच्या शेजारी पडतो, दुसऱ्या खेपेस दुसऱ्या सॉकेटवर, म्हणजे दुसऱ्याच प्रोसेसरवर. म्हणून पाठवणाऱ्या बाजूचा पोर्ट ठरवून द्यावा, ‘आयआरक्यू बॅलन्स’ बंद करून प्रत्येक रांगेचा इंटरप्ट विशिष्ट गाभ्याला बांधावा आणि चाचणीचा प्रोग्रामही ‘टास्कसेट’ने खिळवून ठेवावा. असे बांधलेले यंत्र प्रत्यक्ष वापरासारखे वागत नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून शेवटी एक मोकळी चाचणीही घ्यावी. पण शोध घेताना बांधलेलेच बरे.

दुसरा स्रोत आपल्याकडचा खास आहे. एप्रिल-मे महिन्यांत परभणी-नांदेडकडे दुपारचा पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, सर्व्हरच्या खोलीत वातानुकूलन नसून कूलर असतो, आणि पंख्याच्या जाळीत काळ्या मातीची बारीक धूळ बसलेली असते. अशा खोलीत सकाळी नऊला जुने कर्नल आणि दुपारी दोनला नवे कर्नल मोजले, तर नवे हरणारच. प्रोसेसर तापून स्वतःची वारंवारता उतरवतो आणि त्याचा ठपका कर्नलवर येतो. यावर उपाय दोन. चाचणी चालू असताना ‘टर्बोस्टॅट’ची नोंद सोबत ठेवावी आणि वारंवारता उतरलेली खेप सरळ बाद करावी, टर्बो बंद करून ठेवल्यास असे प्रसंग कमी येतात. आणि क्रम आलटून-पालटून ठेवावा : जुने, नवे, नवे, जुने. या क्रमात उष्णतेचा चढ दोन्ही कर्नलांच्या वाट्याला सारखा येतो. चाचणी लॅपटॉपवर असेल आणि वीज जाऊन तो स्वतःच्या बॅटरीवर आला, तर त्याचा गव्हर्नर बदलू शकतो. तीही खेप बाद समजावी. प्रत्येक खेपेचा निकाल लगेच दुसऱ्या यंत्रावर लिहिला जाईल अशी व्यवस्था असली म्हणजे भारनियमनात दुपारची मेहनत वाया जात नाही.

आकडे हाती आल्यावर सरासरी न काढता मध्यक घ्यावा आणि सोबत सर्वात लहान व सर्वात मोठा आकडा लिहावा. दोन कर्नलांचे आकडे एका रेषेवर मांडले असता त्यांचे पट्टे एकमेकांत मिसळत असतील, तर घसरण आहे असे म्हणू नये. आणखी खेपा घ्याव्यात. गोंगाट एक टक्क्याचा असताना दीड टक्क्याच्या घसरणीमागे लागणे म्हणजे वेळेचा अपव्यय.

कुठे पाहायचे

घसरण पक्की झाली की थेट कमिटच्या, म्हणजे कर्नलच्या कोडमधील एकेका नोंदलेल्या बदलाच्या, शोधाला लागण्यापूर्वी थोडी चाचपणी करावी. ‘एनस्टॅट’मध्ये पुनर्प्रेषणे वाढली आहेत का, ‘सॉफ्टनेट स्टॅट’च्या दुसऱ्या रकान्यात टाकून दिलेली पॅकेटे आणि तिसऱ्यात वेळ अपुरा पडल्याची नोंद चढते आहे का, ‘इथटूल’च्या गणकांत कार्डाने पॅकेटे सोडली आहेत का, हे पाहावे. मग दोन्ही कर्नलांवर ‘पर्फ रेकॉर्ड’ घेऊन ‘पर्फ डिफ’ने कोणत्या फंक्शनचा वाटा वाढला ते बघावे.

जुन्या घटना माहीत असल्या की नजर लवकर बसते. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधील दोष उघड झाल्यावर कर्नलमध्ये जे संरक्षण आले, त्याने प्रत्येक सिस्टम कॉल महाग झाला आणि ‘रेटपोलीन’ या स्पेक्टरविरोधी युक्तीमुळे फंक्शन-पॉइंटरमार्फत होणारी प्रत्येक हाक महाग झाली. नेटवर्कचा थर अशा हाकांनी भरलेला आहे, म्हणून ५.० या आवृत्तीत नेहमीच्या मार्गांवर त्या टाळण्याची खास सोय करावी लागली. असा संशय असेल तर दोन्ही कर्नले एकदा ‘मिटिगेशन्स ऑफ’ या पर्यायाने, केवळ चाचणीच्या यंत्रावर, बूट करून पाहावीत. फरक नाहीसा झाला तर कारण सापडले. टीसीपीने रांगेत किती माहिती साठू द्यावी यावर ३.६ मध्ये मर्यादा आली, ती तारेच्या जाळ्याला हितकारक ठरली; पण वायफायला मोठे गठ्ठे करून पाठवावे लागते, त्यामुळे काही वायफाय कार्डांचा वेग पडला आणि पुढे ड्रायव्हरांना ती मर्यादा सैल करण्याची मुभा द्यावी लागली. घसरण नेहमी मोठ्या आवृत्तीतच येते असेही नाही. जून २०१९ मध्ये टीसीपीच्या सॅक (कोणती माहिती पोचली ते तुकड्यातुकड्याने कळवण्याची सोय) हाताळणीतील सुरक्षा-दोषांवर तातडीने दुरुस्ती आली, ती सर्व स्थिर आवृत्त्यांत गेली, आणि मुद्दाम लहान सेंड बफर ठेवणाऱ्या काही प्रोग्रामांच्या जोडण्या तिने अडवल्या. ती अट नंतर सौम्य करण्यात आली. तेव्हा ६.६.२० वरून ६.६.२१ वर जातानाही चाचणी घ्यावी. उलट दिशेचेही घडते : ६.८ मध्ये नेटवर्कच्या मुख्य रचनांतील क्षेत्रे कॅश-रेषांच्या (प्रोसेसर स्मृतीतून एका वेळी उचलतो त्या तुकड्यांच्या) सोयीने पुन्हा लावली गेली आणि अनेक समांतर जोडण्यांच्या टीसीपी चाचण्यांत काही यंत्रांवर चाळीस टक्क्यांपर्यंत सुधारणा नोंदली गेली. अशी सुधारणा दुसऱ्या एखाद्या घसरणीला झाकून टाकू शकते, म्हणून मधल्या आवृत्त्याही मोजाव्यात.

दोषी बदल गाठणे

५.१५ आणि ६.८ यांच्या मध्ये सुमारे पावणेदोन-दोन लाख कमिट आहेत. दर वेळी निम्मे करत गेल्यास अठराच्या आसपास पायऱ्या लागतात. त्यांपैकी पहिल्या तीन-चार पायऱ्यांसाठी कर्नल बांधण्याची गरज नाही, कारण उबुंटू मूळ कर्नलच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीची तयार पॅकेजे देते, ६.१, मग ६.५ किंवा ५.१८, असे करत दोन लगतच्या आवृत्त्यांपर्यंत यावे. तेथून पुढे ‘गिट बायसेक्ट’, म्हणजे प्रत्येक निकालानंतर उरलेले कमिट निम्मे करत नेणारी आज्ञा. सुरुवातीला ‘फर्स्ट पेरेंट’ हा पर्याय दिल्यास शोध फक्त विलीनीकरणांवरून चालतो आणि दोष नेटवर्कच्या शाखेतून आला की स्मृती-व्यवस्थापन वा शेड्युलरच्या शाखेतून, हे लवकर कळते. शोध केवळ नेटवर्कच्या निर्देशिकांपुरता मर्यादित करण्याचा मोह होतो. पायऱ्या कमी होतात खऱ्या, पण मूळ बाहेर असेल तर गिट एखाद्या निरपराध कमिटवर बोट ठेवते.

‘बायसेक्ट रन’ला दिलेली स्क्रिप्ट बांधणी करणाऱ्या यंत्रावर चालावी. तिने कर्नल बांधावे, चाचणीच्या यंत्रावर पाठवावे, ‘ग्रब रीबूट’ने ते फक्त एका बूटसाठी निवडावे आणि निकाल घ्यावा. कर्नलला ‘पॅनिक’ हा पर्याय तीस सेकंदांचा दिला म्हणजे कोसळलेले यंत्र आपोआप पुन्हा सुरू होऊन जुन्या, भरवशाच्या कर्नलवर येते. स्क्रिप्टने शून्य परत केले तर चांगले, १२५ परत केले तर ही पायरी वगळा, आणि १२७ पर्यंतचा अन्य कोणताही आकडा म्हणजे वाईट. निर्णयाची रेषा चांगल्या आणि वाईट मध्यकांच्या बरोबर मध्ये आखावी. निकाल त्या रेषेच्या आजूबाजूला, गोंगाटाच्या अंतरात पडला तर पुन्हा रीबूट करून मोजावे. एका चुकीच्या उत्तराने पुढच्या सर्व पायऱ्या वाया जातात, म्हणून शंका असेल तेथे घाई नको.

सापडलेल्या कमिटवर लगेच विश्वास ठेवू नये. ताज्या कर्नलवर तो एकटा उलटवून पाहावा. वेग परत आला पाहिजे. कमिटचा नेटवर्कशी दुरूनही संबंध दिसत नसेल, तर केवळ फंक्शनांची जागा सरकल्यामुळे आकडा हलला असण्याची शक्यता असते. फंक्शने ६४ बाइटच्या सीमेवर बसवण्याचा एक पर्याय कर्नलच्या संरचनेत याच तपासणीसाठी आहे. तो चालू करून दोन्ही बाजू पुन्हा मोजाव्यात.

कळवणे आणि तोवरची व्यवस्था

इंटेलचा ‘झिरो डे’ हा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, कर्नलमधील बदलांवर नेटपर्फसारख्या चाचण्या चालवून घसरणी कळवत असतो, पण आपले कार्ड, आपले पीपीपीओई आणि आपले नियम त्याच्याकडे असतीलच असे नाही. त्यामुळे आपली तक्रार अनावश्यक समजू नये. ‘गेट मेंटेनर’ ही स्क्रिप्ट कोणाला लिहायचे ते सांगते. नेटवर्कसाठी नेटडेव्ह आणि घसरणींसाठी स्वतंत्र असलेली पत्रसूची, दोन्हींना प्रत जावी. पत्र साध्या मजकुरात असावे. त्यात दोन्ही कर्नलांचे क्रमांक, दोषी कमिट, कार्ड आणि ड्रायव्हर, चाचणीची नेमकी आज्ञा, दोन्ही बाजूंचे मध्यक आणि त्यांचा पसारा, आणि कमिट उलटवल्यावर काय झाले, एवढे दहा-बारा ओळींत यावे. ‘रेगझबॉट इंट्रोड्यूस्ड’ अशी ओळ कमिटच्या क्रमांकासह घातली की घसरणींचा पाठपुरावा करणारी व्यवस्था तिची नोंद घेते.

दुरुस्तीचा पॅच आला की तो त्याच यंत्रावर, त्याच आलटून-पालटून क्रमाने मोजून निकाल कळवावा. ती दुरुस्ती प्रथम मुख्य कर्नलमध्ये, मग स्थिर शाखेत आणि त्यानंतर वितरकाच्या पॅकेजात येते, आणि आपल्यापर्यंत ती पोचली की नाही हे पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये वाचून पाहावे लागते. तोपर्यंत चालत्या सेवेवर जुन्या दीर्घमुदतीच्या शाखेत राहावे. ‘एपीटी मार्क होल्ड’ने एकच पॅकेज गोठवून ठेवणे सोपे वाटते, पण त्याने सुरक्षा-दुरुस्त्याही थांबतात, त्यापेक्षा ५.१५, ६.१ किंवा ६.६ यांसारख्या शाखेच्या ताज्या उपआवृत्तीवर राहणे आणि तीही बसवण्यापूर्वी वरच्या चाचणीतून काढणे जास्त सुरक्षित.